पडद्यावर बोलतंय कोण? : विंडोज ९८ च्या एका मशीनला उठवताना

काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत मजकूर होता, ‘इनव्हॅलिड सिस्टिम डिस्क. रिप्लेस द डिस्क, अँड देन प्रेस एनी की.’ सावंतवाडीत मामांचा छोटा छापखाना आहे. खिळे जुळवून ट्रेडलवर छापण्याच्या काळापासूनचा. २००१ च्या सुमारास तिथे पहिला संगणक आला, आणि तोच अजून चालू आहे: सेलेरॉन प्रोसेसर, १२८ एमबी रॅम, २० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज ९८ सेकंड एडिशन आणि पानं जुळवायचा पेजमेकर. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, जत्रेची हँडबिलं, सगळं त्यावरच. नवा संगणकही आहे, पण मराठी टंकांच्या जुन्या सॉफ्टवेअरचं कुलूप (डोंगल, तो लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही) प्रिंटरच्या पॅरलल पोर्टला बसतं आणि नव्या मशीनला तसला पोर्टच नाही. मागच्या पंचवीस वर्षांतली कामं उघडायची तर हेच मशीन लागतं.

तुळशीच्या लग्नानंतर हंगाम सुरू होतो आणि नेमकी तेव्हाच ऐन कामात लाइट गेली. परत आली तेव्हा वरचा मजकूर दिसत होता.

जाणकार म्हणतील, हार्ड डिस्क काढ, आयडीई ते यूएसबी अ‍ॅडॉप्टर लाव आणि फायली लॅपटॉपवर घे. बरोबर आहे. पण तेवढ्याने फायली मिळतात, मशीन सुरू होत नाही. आणि मामांना मशीन हवं होतं. शिवाय तो अ‍ॅडॉप्टर गावात कुणाकडे नव्हता. म्हणून सरळ मार्ग धरला: चालू करायची डिस्क बनवायची.

अशा कामात माझी एक सवय आहे. पडद्यावर काय लिहिलंय यापेक्षा ते कोण लिहितंय हे आधी ठरवायचं. संगणक सुरू होताना सूत्रं हातोहात पुढे जातात. आधी बायोस, म्हणजे मदरबोर्डवरचाच सुरुवातीचा प्रोग्राम, मग हार्ड डिस्कच्या पहिल्या सेक्टरमधला मास्टर बूट रेकॉर्ड, मग विभाजनाचा (पार्टिशनचा) बूट सेक्टर, मग विंडोजची आयओ.सिस ही फाइल. प्रत्येकाची तक्रार करायची भाषा वेगळी असते. अ‍ॅवॉर्डच्या बायोसला काहीच सापडलं नाही तर तो ‘डिस्क बूट फेल्युअर’ म्हणतो. ‘मिसिंग ऑपरेटिंग सिस्टिम’ हे मास्टर बूट रेकॉर्डचं बोलणं. ‘एनटीएलडीआर इज मिसिंग’ म्हणणारा बूट सेक्टर एक्सपीच्या घराण्यातला. आणि ‘इनव्हॅलिड सिस्टिम डिस्क’ हा विंडोज ९५–९८ चा बूट सेक्टर. म्हणजे बायोस ठीक, मास्टर बूट रेकॉर्ड ठीक, बूट सेक्टरसुद्धा बोलण्याइतका शुद्धीवर. त्याला फक्त आयओ.सिस सापडत नव्हती. अर्धं निदान तिथेच झालं. अशा वेळी सवयीने मास्टर बूट रेकॉर्ड नव्याने लिहिणारी ‘एफडिस्क स्लॅश एमबीआर’ ही आज्ञा ठोकणारे खूप भेटतात, पण इथे ज्याची काही चूक नाही त्यालाच मार बसला असता.

हाच संदेश दुसऱ्या एका साध्या कारणानेही येतो: फ्लॉपी ड्राइव्हमध्ये डेटाची फ्लॉपी विसरलेली असते. तिच्यावरही तोच बूट सेक्टर असतो. आधी तेच पाहिलं. ड्राइव्ह रिकामा होता.

मामांनी टेबलाच्या खणातून एक डबी काढली. संगणक घेतला तेव्हा कंट्रोल पॅनेलमधल्या ‘अ‍ॅड रिमूव्ह प्रोग्राम्स’मधून बनवून घेतलेली स्टार्टअप डिस्क तिच्यात होती. वर निळ्या शाईत तसं लिहिलेलंही. पण पत्र्याची झडप सरकवली तर आतल्या तबकडीवर पांढरट ठिपके. कोकणातल्या पावसाळ्यात चपलांना, पुस्तकांना, कॅमेऱ्याच्या भिंगाला येते तीच बुरशी. अशी फ्लॉपी ‘बघू तरी’ म्हणून घालू नये. ड्राइव्हचं हेड तबकडीला टेकूनच वाचतं, त्यामुळे बुरशी हेडवर बसते आणि मग चांगली फ्लॉपीही वाचली जात नाही. इथे तो प्रश्नही नव्हता, कारण सुरू होतानाच बायोस ‘फ्लॉपी डिस्क्स फेल (४०)’ म्हणत होता. ड्राइव्हच गेलेला. मामांना हे माहीतच नव्हतं. रोज सकाळी एक संदेश येतो, एफ-वन दाबायचं आणि मशीन पुढे जातं. त्यांच्या मते मशीन सुरू करायची पद्धतच तशी.

राहिली सीडी. बायोस इतका जुना की पेनड्राइव्हवरून सुरू व्हायचा पर्याय त्यात धड नव्हता. असल्या मशीनसाठी प्लॉप नावाचा छोटा बूट मॅनेजर मिळतो, तो स्वतः सीडीवरून उठतो आणि मग पेनड्राइव्हला हाक मारतो. पण सीडी करायचीच आहे तर तिच्यावरूनच सगळं का नको?

शेजारच्या दुकानातल्या एका मुलाने आदल्या दिवशी मामांना ‘बूट सीडी’ करून दिली होती. ती चालली नाही. माझ्या लॅपटॉपला जोडलेल्या बाहेरच्या रायटरमध्ये घालून पाहिली तर सीडीवर एकच फाइल, तिच्या नावाच्या शेवटी आयएसओ. मुलाने मनापासून केलं होतं, पण आयएसओ ही फाइल म्हणून सीडीवर ठेवायची वस्तू नाही, ती अख्ख्या सीडीचा साचा आहे. बायोस सीडीवरच्या फायलींची नावं वाचत बसत नाही. १९९५ साली फिनिक्स आणि आयबीएम यांनी ठरवलेल्या ‘एल टोरिटो’ या पद्धतीप्रमाणे तो थेट १७ क्रमांकाच्या सेक्टरवर जातो, २०४८ बाइटच्या त्या सेक्टरमध्ये बूटची नोंद आहे का पाहतो, आणि असेल तर ती सांगेल तिथला मजकूर स्मृतीत चढवतो. नोंद नसेल तर सीडी त्याच्या लेखी कोरी. म्हणून ‘बर्न इमेज’ किंवा ‘राइट इमेज’ असा स्वतंत्र पर्याय वापरावा लागतो. विंडोज ७ पासून पुढे तो फाइलवर उजवं बटण दाबलं की मिळतो, एक्सपीत मात्र वेगळा प्रोग्राम लागायचा. सीडी बरोबर उतरली की नाही हे ओळखायची सोपी खूण: ती उघडल्यावर आयएसओ नावाची एक फाइल दिसता कामा नये, अनेक फोल्डर दिसले पाहिजेत.

पुढचं घोडं अडलं बायोसमध्ये. डिलीट दाबून आत गेलो, ‘अ‍ॅडव्हान्स्ड बायोस फीचर्स’मध्ये पहिलं बूट साधन सीडी-रॉम केलं, एफ-टेनने जतन केलं. दुपारभर सगळं नीट. संध्याकाळी मामांनी नेहमीप्रमाणे भिंतीवरचं बटण बंद केलं आणि सकाळी ये रे माझ्या मागल्या. पुन्हा ‘इनव्हॅलिड सिस्टिम डिस्क’, सीडीचा दिवा लुकलुकलासुद्धा नाही. कारण त्याच्या आधीच्या पडद्यावर होतं: ‘सीमॉस चेकसम एरर, डिफॉल्ट्स लोडेड’. तोही एफ-वनवाल्या पडद्यावरच यायचा, म्हणून कुणी कधी वाचला नव्हता. मदरबोर्डवरची सीआर २०३२ बॅटरी मेलेली. भिंतीचं बटण चालू असेपर्यंत मदरबोर्डला थोडी वीज मिळत राहते आणि मांडणी टिकते. बटण बंद झालं की सगळं मूळपदावर. मूळपदात क्रम असा: फ्लॉपी, हार्ड डिस्क, मग सीडी. बायोसने एकदा हार्ड डिस्कच्या हाती सूत्रं दिली की ती परत येत नाहीत. बूट सेक्टर ‘प्रेस एनी की’ म्हणत बसून राहतो आणि सीडीचा नंबर लागतच नाही. बॅटरी घड्याळाच्या दुकानात मिळाली. जुन्या मशीनवर सीडी बूट होत नाही म्हणून चांगल्या सीड्या फेकून देणाऱ्यांनी आधी पडद्यावरची तारीख बघावी. ती वीस-पंचवीस वर्षं मागची असेल तर सीडीवर राग काढू नये.

आता सीडी फिरायला लागली. नुसतीच फिरायला. खणात एक री-रायटेबल सीडी होती, तिच्यावर आधी प्रयोग करत होतो. री-रायटेबल सीडीचा पृष्ठभाग साध्या लिहायच्या सीडीपेक्षा फारच कमी प्रकाश परत फेकतो: साध्या सीडीत सत्तर टक्क्यांच्या आसपास, तर हिच्यात जेमतेम पंधरा ते पंचवीस. १९९७ नंतरचे मल्टिरीड ड्राइव्ह तेवढ्यावर भागवून घेतात. पण ते कारखान्यातून बाहेर पडताना. दोन दशकं कागदाची धूळ खाल्लेल्या लेझरकडून ती अपेक्षा कशाला? डीव्हीडीचा तर प्रश्नच नव्हता, हा निव्वळ सीडी वाचणारा ड्राइव्ह.

मग साधी सीडी, आणि लिहिण्याचा वेग रायटर देईल तेवढा कमी. कमी वेगाने खड्डे नेहमीच सुबक पडतात असं नाही, कारण हल्लीच्या कोऱ्या सीड्या जास्त वेगासाठीच बनवलेल्या असतात; तरी ५२ एक्सचा हट्ट धरण्यात काही अर्थ नसतो. लिहून झाल्यावर पडताळणी केली, लॅपटॉपवर सीडी निर्दोष. इकडे मात्र पडद्यावर नवा आवाज: ‘आयसोलिनक्स: इमेज चेकसम एरर, सॉरी.’ मामा म्हणाले, “माफी तरी मागता!” मला मात्र बरं वाटलं. बायोसला बूटची नोंद सापडली होती, सूत्रं सीडीवरच्या आयसोलिनक्सच्या, म्हणजे सीडीवरून लिनक्स उठवणाऱ्या छोट्या प्रोग्रामच्या, हाती गेली होती आणि त्याला स्वतःचाच मजकूर धड वाचता येत नव्हता. सीडी चांगली, वाचणारा आंधळा.

ड्राइव्हचं झाकण उघडून भिंग पुसायचं ठरवलं. त्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल लागतं, आणि ते कुठून आणायचं असा विचार करायची वेळच आली नाही, कारण ऑफसेटच्या पाण्यात मिसळायला ते छापखान्यात होतंच. कान साफ करायच्या काडीचं टोक हलकं भिजवून भिंगावर फिरवलं, जोर अजिबात न देता. ते भिंग बारीक तारांवर तोललेलं असतं. काडी काळी झाली. आयडीईची केबल काढून पुन्हा बसवली, जम्पर मास्टरवर आहे ना तेही पाहून घेतलं.

भिंग सुधारलं का हे बघायला माझ्या पिशवीत असलेली हल्लीच्या एका लिनक्सची सीडी घातली. मेन्यू आला, एंटर दाबलं, आणि: ‘धिस कर्नल रिक्वायर्स अ‍ॅन एक्स ८६-६४ सीपीयू, बट ओन्ली डिटेक्टेड अ‍ॅन आय ६८६ सीपीयू.’ हे बोलणारा लिनक्सचा गाभा. म्हणजे ड्राइव्ह पास, बायोस पास, आयसोलिनक्स पास. फक्त पाहुणा चुकीच्या पिढीतला. ३२ बिटची मशीनं आता हळूहळू यादीतून खाली उतरत आहेत. उबुंटूने डेस्कटॉपची ३२ बिट प्रतिमा १७.१० या आवृत्तीपासून बंद केली, आणि डेबियनच्या २०२५ मध्ये आलेल्या १३ व्या आवृत्तीत ३२ बिटसाठी इन्स्टॉलरच नाही. ‘जुन्या मशीनला हलकं लिनक्स’ या सल्ल्यात किती जुनं, हे कुणी सांगत नाही. दहा वर्षांपूर्वीचा लॅपटॉप आणि १२८ एमबीचं सेलेरॉन यांच्यात एक अख्खी पिढी आहे. १२८ एमबीत ग्राफिक्ससकट सुखाने बसणारं माझ्या माहितीत एकच नाव, टायनी कोअर. त्याची प्रतिमा पंचवीस एमबीच्या आत. त्यात एक फायदाही असतो: सीडी आतून बाहेर लिहिली जाते, त्यामुळे एवढीशी प्रतिमा मधल्या भोकाजवळच्या पट्ट्यातच संपते आणि थकलेल्या ड्राइव्हला फार हिंडावं लागत नाही.

टायनी कोअर उठलं. हार्ड डिस्क दिसली, मी ती फक्त वाचण्यापुरती जोडली. मुळातल्या फोल्डरमध्ये आयओ.सिस होती, पण तिचा आकार शून्य. लाइट गेल्याचा प्रसाद.

इथे दोन रस्ते होते. विंडोज ९८ आपल्या स्टार्टअप डिस्कच्या फायली हार्ड डिस्कवरही ठेवतं, विंडोजच्या आत कमांड, त्याच्या आत ईबीडी नावाच्या फोल्डरमध्ये. तिथली आयओ.सिस उचलून मुळात ठेवली असती तरी कदाचित भागलं असतं. पण फाइल शून्य होते तेव्हा आणखी काय बिघडलंय ते माहीत नसतं, आणि ज्या डिस्कची दुसरी प्रत जगात नाही तिच्यावर एक बाइटही लिहायचा नाही, हा माझा कडक नियम आहे. आधी सगळं पेनड्राइव्हवर घेतलं. या मशीनचे यूएसबी पोर्ट १.१ चे, सेकंदाला मोठ्या मुश्किलीने एक एमबी. मामा जेवून, वामकुक्षी करून आले तरी पट्टी हलतच होती.

या प्रतीत सगळ्यात आधी मी विंडोजमधलं फॉन्ट्स फोल्डर घेतलं, पत्रिका नंतर. युनिकोडच्या आधीच्या टंकांमध्ये देवनागरी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असत. ती नेमकी टीटीएफ फाइल नसेल तर ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा दिसतो. पेजमेकरच्या फायली वाचल्या आणि टंक गेले, तर उरतं ते न वाचता येणारं संग्रहालय. जुनी मराठी मशीनं वाचवणाऱ्या कुणालाही मी पहिली गोष्ट हीच सांगतो.

मग दुरुस्ती. तिला त्याच घराण्यातली डिस्क हवी. एक्सपीच्या फॉरमॅट खिडकीतून बनणारी डॉसची फ्लॉपी विंडोज मिलेनियमच्या वंशातली. तिच्यावरून सिस्टिम फायली घातल्या तर विंडोज ९८ ला परकी आयओ.सिस मिळते आणि ते उठत नाही. फ्रीडॉस हा डॉसचा मोफत पर्याय उत्तम आहे, पण त्याचा बूट सेक्टर स्वतःच्याच कर्नल फाइलला शोधतो. मामांकडे संगणकाबरोबर आलेली विंडोज ९८ ची मूळ सीडी होती, ओईएम प्रत. अपग्रेडवाल्या सीड्या सहसा बूट होत नाहीत, ओईएम होतात. तिच्यावरही ओरखडे आणि कडेला बुरशीची नक्षी, जुना ड्राइव्ह ती घेईना. लॅपटॉपच्या रायटरने घेतली. डीडीरेस्क्यूने सावकाश अख्ख्या सीडीची प्रतिमा काढली. हा प्रोग्राम वाचता न येणाऱ्या जागी अडून बसत नाही, पुढे जाऊन उरलेलं वाचतो आणि मग मागे येतो. प्रतिमेवर ‘फाइल’ ही आज्ञा चालवली तर तिने आयएसओ ९६६० सांगून पुढे कंसात ‘बूटेबल’ असं उत्तर दिलं. १७ वा सेक्टर शाबूत.

ती प्रतिमा नव्या सीडीवर उतरवली. या सीडीच्या पोटात १.४४ एमबीच्या फ्लॉपीचा साचा असतो, बरोब्बर १४,७४,५६० बाइट, आणि बायोस त्यालाच ए ड्राइव्ह मानतो. खरा फ्लॉपी ड्राइव्ह मेलेला असतानाही पडद्यावर ‘ए कोलन’ आलं. मामांनी खाली वाकून फ्लॉपीच्या फटीत पाहिलं. “आत तर कायच नाय!”

पुढचं काम आज्ञांचं. आधी सी ड्राइव्हवरच्या एमएसडॉस.सिस फाइलचे लपलेपणाचे गुण ‘अ‍ॅट्रिब’ने काढले आणि तिचं नाव बदलून ठेवलं. डॉसच्या काळात ती यंत्राला कळणारी फाइल होती, विंडोज ९५ पासून ती साधी मजकुराची आहे आणि विंडोज कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते तिच्यात लिहिलेलं असतं. पुढची आज्ञा ती बदलून टाकू शकते. ती आज्ञा म्हणजे ‘सिस सी’. ‘सिस’ हा प्रोग्राम सीडीवर शोधत बसलो नाही, हार्ड डिस्कवरच्या कमांड फोल्डरमध्ये तो होताच. ए ड्राइव्हवर उभं राहून तिथूनच तो चालवला, म्हणजे फायली ए वरून उचलल्या जातात. ‘सिस्टिम ट्रान्स्फर्ड.’ मग जुनी एमएसडॉस.सिस परत जागेवर, सीडी बाहेर, रीस्टार्ट.

स्कॅनडिस्कने निळ्या पडद्यावर बराच वेळ खाल्ला, काही तुटके दुवे जोडले, आणि मग ढगांचं ते चित्र आलं. दुकानातून मामांनी विचारलं, “झालो काय रे सुरू?” पेजमेकर उघडला, पॅरलल पोर्टवरचं कुलूप ओळखलं गेलं, अडकलेली पत्रिका तशीच होती, मुलीच्या आजोबांचं नाव तेवढं शेवटच्या बदलाआधीचं.

निघण्याआधी बायोसच्या ‘स्टँडर्ड सीमॉस फीचर्स’मध्ये ए ड्राइव्ह ‘नन’ करून टाकला, म्हणजे एफ-वनची सक्ती संपली. दोन्ही सीड्यांच्या आणखी प्रती काढल्या, सिलिका जेलच्या पुड्यांसकट हवाबंद डब्यात घातल्या, आणि एक जोड माझ्याकडे घेतली. यूपीएस आणायचं मामांनी कबूल केलंय. मशीनच्या बाजूला मराठीत एक कागद चिकटवला: कुठला संदेश आला तर कुठली सीडी घालायची, कुठलं बटण दाबायचं, आणि काय अजिबात करायचं नाही. मामांनी चष्मा लावून तो शेवटपर्यंत वाचला आणि म्हणाले, “खाली तुझो फोन नंबर लिही.”